रझ्झाक : रोजी देणारा कोण?

वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेतला माणूस बोलावयास उभा राहिला, की तो हमाली-तोलाईचे दर, बोनस, फार तर एखादा कायदा यांवर बोलेल, असे श्रोते धरून चालतात. त्यात वावगे काही नाही. परंतु येरमाळ्याच्या श्रोत्यांपुढे आज आम्ही इस्लाममधील ईश्वराच्या एका नावाचा अर्थ सांगण्याचे योजिले आहे. ते नाव 'रझ्झाक'. विषय मशिदीतला वाटेल. आम्हांस मात्र हे नाव प्रथम भेटले ते हजेरीपटावर. आणि त्याच्या मुळाशी जो शब्द आहे त्याचे सोयरे आपण सारे, हिंदू असोत वा मुसलमान, दिवसातून चार वेळा उच्चारतो. 'रोजी', 'रोजगार', 'रोजंदारी' हे ते शब्द होत.

आमचे शिक्षण शाळेपेक्षा बाजाराच्या आवारात अधिक झाले. अरबीतले जे काही आम्ही वाचले ते जाणत्या मौलवींच्या शेजारी बसून, कोश उघडून, अक्षरावर बोट ठेवीत वाचले. म्हणून पंडिताच्या अधिकाराने आम्ही काही सांगणार नाही. जे शब्द कामाच्या ठिकाणी रोज कानांवर पडतात त्यांचा अर्थ लावण्याचा हा एक प्रयत्न आहे, एवढेच समजावे.

मोंढ्यात, उसाच्या फडात आणि रस्त्याच्या कामावर दोन वाक्ये नेहमी ऐकू येतात. एक काम देणाऱ्याचे : 'मी आहे म्हणून तुमच्या चुली पेटतात.' दुसरे काम करणाऱ्याचे : 'देणारा वर बसला आहे, आपण भांडून काय होणार?' पहिल्यात मग्रुरी आहे, दुसऱ्यात निराशा आहे. दोन्ही वाक्ये बोलणारे कोणत्याही एका धर्माचे नसतात. या दोन्ही वाक्यांना रझ्झाक हे एकच नाव उत्तर देते, असे आमचे म्हणणे आहे. ते कसे, हे क्रमाने पाहू.

नावाचे स्थान

इस्लाममध्ये अल्लाहची गुणवाचक नावे आहेत. त्यांना 'अस्मा-उल्-हुस्ना', म्हणजे सुंदर नावे, म्हणतात. अशा नव्याण्णव नावांचा उल्लेख बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही मान्यवर हदीससंग्रहांत आला आहे. नावांची यादी मात्र तिर्मिझींच्या संग्रहात मिळते. तसबीहचे मणी ओढताना भाविक जी नावे घेतात ती बहुधा याच यादीतली. तिच्यात 'अर्-रझ्झाक' हे नाव सतरावे येते. त्याच्या आधी 'वह्हाब', म्हणजे मुक्तहस्ते देणारा, आणि त्याच्या पुढे 'फत्ताह', म्हणजे उघडणारा. देणारा, पोसणारा आणि बंद दार उघडणारा, असा हा क्रम लागला आहे.

कुराणात मात्र या रूपात हे नाव एकदाच येते. एक्कावन्नाव्या अध्यायातली अठ्ठावन्नावी आयत ती जागा होय. त्याच्या लगेच आधी काय आहे, ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. माणसांकडून मला रोजी नको, त्यांनी मला जेवू घालावे अशीही माझी अपेक्षा नाही, अशा आशयाचे बोल अल्लाहच्या तोंडी आले आहेत आणि मग हे नाव आले आहे. म्हणजे नाव उच्चारण्यापूर्वीच त्याची अट सांगून झाली. ज्याला पोसतो त्याच्याकडून ज्याला परतफेडीची गरज नाही, तोच रझ्झाक. ही अट पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

हमाल आणि रझ्झाक एका साच्यातले

आता शब्दाची घडण पाहू. अरबी भाषेत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. ती तीन व्यंजने निरनिराळ्या साच्यांत ओतली की निरनिराळे अर्थ निघतात. 'रझ्झाक'चा धातू र, झ, क असा आहे. यातला झ मराठी 'जहाज'मधल्या दुसऱ्या जकाराच्या जवळचा आहे. या धातूपासून 'राझिक' असा साधा शब्द होतो. त्याचा अर्थ रोजी देणारा. 'रझ्झाक' या शब्दात मधले अक्षर दुहेरी झाले आहे आणि त्याच्यापुढचा स्वर लांबला आहे. हा साचा अरबी व्याकरणात आधिक्य दाखविण्यासाठी वापरतात. एखादी क्रिया कोणी पुनःपुन्हा, भरभरून, न थांबता करीत असेल तर त्याला या साच्यातले नाव मिळते.

हा साचा आपल्याला परका मुळीच नाही. माणसाच्या बाबतीत पुनःपुन्हा करण्याची क्रिया म्हणजे त्याचा धंदा. म्हणून अरबीत कितीतरी धंद्यांची नावे याच साच्यात पडली आहेत, आणि फारसी व उर्दूच्या वाटेने ती मराठीत येऊन बसली आहेत. दलाल हा मूळचा 'दल्लाल', वाट दाखविणारा. सराफ हा 'सर्राफ', नाणे पालटून देणारा. सतरंज्या अंथरणारा फरास हा 'फर्राश'. हज्जाम तर आहे तसाच राहिला. आणि हमाल हा 'हम्माल', म्हणजे वाहणारा, रोज वाहणारा, वाहणे हेच ज्याचे काम तो. मराठी जिभेने दुहेरी अक्षर सोडून दिले, म्हणून नाते दिसेनासे झाले. अन्यथा पाठीवर पोते घेणारा हमाल आणि जगाला पोसणारा रझ्झाक हे दोन्ही शब्द व्याकरणाच्या एकाच साच्यातून निघाले आहेत.

याचा अर्थ ईश्वराचा धंदा आहे असा कोणी घेऊ नये. आमचा मुद्दा एवढाच, की ज्या साच्याने भाषा 'हे याचे रोजचे, न चुकणारे काम' असे सांगते, तोच साचा येथे योजिला आहे. एकदा कधी तरी दान करून मोकळा झालेला दाता या शब्दात बसत नाही. आज दिले, उद्या दिले, मागितले तरी दिले, न मागता दिले, चांगल्याला दिले, वाईटाला दिले, असे ज्याचे देणे खंडत नाही, त्याला हे नाव शोभते.

म्हणूनच मुसलमान घरांत मुलाचे नाव नुसते 'रझ्झाक' ठेवण्याची रीत नाही. नाव असते 'अब्दुल रझ्झाक'. 'अब्द' म्हणजे दास, सेवक. पोसणाऱ्याचा सेवक, असा पूर्ण नावाचा अर्थ. गावात हाक मारताना आपण 'अब्दुल' गाळतो आणि 'रज्जाकभाई' म्हणतो. ते प्रेमाने होते. परंतु अर्थाच्या दृष्टीने पाहिले तर सेवकाला सोडून स्वामीचेच नाव माणसाला चिकटते.

रिझ्क, रोजी आणि दिवस

रझ्झाक जे देतो त्याला 'रिझ्क' म्हणतात. या शब्दाचा प्रवास फार मनोरंजक आहे. आर्थर जेफरी या विद्वानाने कुराणातील परभाषिक शब्दांचा एक कोश केला. तो १९३८ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या संस्थेने गायकवाड ग्रंथमालेत छापला. मराठी संस्थानिकाच्या आश्रयाने निघालेल्या मालेत हा ग्रंथ यावा, हा योग सांगण्यासारखा आहे. जेफरींच्या मते 'रिझ्क' हा शब्द जुन्या फारसीतून सिरियाक भाषेमार्फत अरबीत आला. जुन्या फारसीतला तो शब्द 'रोझीग' असा होता. त्याचा अर्थ दिवसाचा शिधा, एका दिवसापुरते अन्न. त्यात 'रोझ' म्हणजे दिवस. आपली 'रोजी' त्याच घराण्यातली. तेव्हा 'रझ्झाक' आणि 'रोजी' हे एकाच झाडाच्या दोन फांद्यांवरचे शब्द ठरतात. एक फांदी अरबस्तानाकडे गेली, दुसरी इराणातून दख्खनेत उतरली.

याच्याही मागे गेल्यास फारसीतला 'रोझ' आणि संस्कृतातला 'रुच्', म्हणजे प्रकाशणे, हे एकाच मूळ धातूचे आहेत असे भाषाशास्त्र सांगते. उजेड पडला की दिवस, आणि दिवस उगवला की त्या दिवसाच्या अन्नाची विवंचना. 'रोज', 'रोजचा', 'रोजनिशी', 'रोजकीर्द', 'रोजंदारी', 'रोजगार' असे कितीतरी शब्द मराठीने या एका शब्दावर उभे केले आहेत. पेशव्यांच्या दफ्तरात तर पगारास 'रोजमुरा' म्हणत.

रोजीचे माप दिवस हेच का असावे? रोजंदारीवर जगणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. महिन्याचा पगार घेणारा महिन्याचा विचार करतो, शेतकरी हंगामाचा करतो. पण ज्याची चूल संध्याकाळच्या पैशावर पेटते त्याला एक दिवस बाजार बंद राहिला तर काय होते ते ठाऊक असते. पोट दिवसाच्या हिशेबाने चालते. वर्षाचे एकदम जेवून ठेवता येत नाही. म्हणून पोसणाऱ्याचे देणेही दररोजचे असले पाहिजे, हे त्या नावाच्या साच्यात आधीच आले आहे.

एक गैरसमज दूर करू

मराठवाड्यात हे नाव घेतले की वडीलधाऱ्या माणसांना दुसराच एक शब्द आठवतो. तो म्हणजे 'रझाकार'. निजामी राजवटीच्या अखेरीस, १९४७ आणि १९४८ साली, रझाकारांनी या भागात जे केले त्याच्या आठवणी घराघरांत सांगितल्या जातात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले तेव्हा तो काळ संपला. मात्र उच्चारसाम्यामुळे अनेकांचा समज असा, की रझ्झाक आणि रझाकार हे एकच. तसे नाही.

'रझाकार' हा शब्द 'रझा' आणि 'कार' यांपासून झाला. 'रझा' म्हणजे खुशी, संमती. 'कार' म्हणजे करणारा. आपखुशीने काम करणारा, स्वयंसेवक, एवढाच त्याचा मूळ अर्थ. अरबी लिपीत 'रझा'चे अक्षर निराळे, 'रिझ्क'चे निराळे. नागरीत दोन्ही झकारानेच लिहिली जातात म्हणून घोटाळा होतो. गंमत अशी, की त्या 'रझा'चेही सोयरे मराठीत आहेत. कामगार मागतो ती 'रजा', तो तयार होतो तेव्हा 'राजी', आणि सोडून जातो तेव्हा 'राजीनामा'. तेव्हा रझाकाराचे नाते रजेशी आणि रझ्झाकाचे नाते रोजीशी.

त्याच काळातली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. हैदराबादेतील 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध निर्भयपणे लिहिले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. 'इमरोज' या नावातही तोच 'रोज' आहे. त्याचा अर्थ 'आज'. नावांच्या उच्चारावरून माणसे ओळखू नयेत, हे समजण्यास एवढे पुरे.

जे जीव आपली भाकरी पाठीवर वाहत नाहीत

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. हा पोसणारा कोणाला पोसतो? कुराणाच्या अकराव्या अध्यायात असा आशय आहे, की पृथ्वीवर चालणारा असा एकही जीव नाही ज्याच्या रोजीचा भार अल्लाहवर नाही. यात धर्माची, जातीची, कुळाची अट नाही. माणसाचीही नाही, किडामुंगी त्यात आली. भाष्यकारांनी म्हणून नेहमी सांगितले, की मानणारा आणि न मानणारा दोघांनाही रिझ्क मिळतो.

एकोणतिसाव्या अध्यायात याहून जवळची एक आयत आहे. कितीतरी जीव असे आहेत की जे आपली रोजी वाहून नेत नाहीत. त्यांना आणि तुम्हांलाही अल्लाहच पोसतो, असा तिचा भाव. येथे 'वाहून नेत नाहीत' यासाठी जे क्रियापद आले आहे ते 'हमाल' या शब्दाच्याच धातूचे आहे. भाष्यकार या आयतीची पार्श्वभूमी सांगतात ती अशी : छळाला कंटाळून मक्का सोडावयाची वेळ आली तेव्हा काही जणांस धास्ती पडली, की परक्या गावी ना घर, ना जमीन, ना कोणी ओळखीचे, तेथे खायचे काय? त्यांना दिलेला हा धीर आहे. दसरा झाला की कळंब, वाशी, भूम या तालुक्यांतून लेकराबाळांसह, भांडीकुंडी घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबाला ही धास्ती ओळखीची वाटेल.

सतराव्या अध्यायात दारिद्र्याच्या भीतीने आपल्या अपत्यांना मारू नका, त्यांना आणि तुम्हांला पोसणारे आम्ही आहोत, अशा अर्थाची आज्ञा आहे. सहाव्या अध्यायात तीच आज्ञा पुन्हा येते, पण तेथे 'तुम्हांला आणि त्यांना' असा क्रम आहे. भाष्यकारांनी हा फरक बारकाईने उकलला आहे. एका ठिकाणी दारिद्र्य पुढे येईल याचे भय आहे, म्हणून मुलांचे पोषण आधी सांगितले. दुसऱ्या ठिकाणी दारिद्र्य घरात आलेलेच आहे, म्हणून आईबापांचे आधी सांगितले. नको असलेली मुलगी म्हणून गर्भातच तिचा निकाल लावण्याचे पाप आपल्या भागातही झाले आहे. त्या बाबतीत हे नाव काय सांगते ते आणखी फोड करून सांगावयास नको.

मग संघटना कशाला?

येथे कोणीही शंका काढील. प्रत्येकाच्या रोजीचा भार जर ईश्वरावर आहे, तर हमालीचे दर वाढवून मागण्याचे कारण काय? जे नेमून दिले आहे ते मिळेलच. ही शंका आम्हांस वर्षानुवर्षे ऐकावी लागली आहे. आणि खरे सांगावयाचे तर ती मजुरापेक्षा मजुरी देणाऱ्याला अधिक आवडते.

या शंकेला उत्तर बाहेरून आणावे लागत नाही. त्या परंपरेतच ते आहे. तिर्मिझींच्या संग्रहात एक हदीस आहे. तुमचा भरवसा खरा असेल तर पक्ष्यांना मिळते तशी रोजी तुम्हांला मिळेल; ते सकाळी रित्या पोटी बाहेर पडतात आणि सायंकाळी भरल्या पोटी परततात, असे प्रेषितांनी सांगितल्याचे त्यात आहे. ऐकणाऱ्याने 'बाहेर पडतात' या शब्दांकडे दुर्लक्ष करू नये. घरट्यात बसून चोच उघडी ठेवणाऱ्या पक्ष्याचे उदाहरण दिलेले नाही. त्याच संग्रहात उंट मोकळा सोडून ईश्वरावर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्यास आधी उंट बांध, मग भरवसा ठेव, असे सांगितल्याचे आहे. दुसरे खलिफा उमर यांच्या नावावरही एक बोल सांगतात. बसल्या जागी रोजी मागणाऱ्यांना त्यांनी सुनावले, की आभाळातून सोन्यारुप्याचा पाऊस पडत नसतो.

सर्वांत स्पष्ट खूण शुक्रवारच्या नमाजाविषयीच्या बासष्टाव्या अध्यायात आहे. नमाजाची हाक आली की व्यवहार सोडून या, असे प्रथम सांगितले. आणि नमाज संपताच पांगा आणि अल्लाहच्या कृपेचा शोध घ्या, असे लगेच सांगितले. हा अध्याय संपतो तो 'उत्तम रोजी देणारा' या अर्थाच्या शब्दांनी. प्रार्थना, श्रम आणि रोजी ही तिन्ही तेथे एका ओळीत उभी आहेत. तेव्हा रोजी ईश्वर देतो, पण ती मिळविण्यासाठी हात हलवावे लागतात, हेच या परंपरेचे सांगणे आहे. आणि हात हलविण्यात आपल्या श्रमाचा योग्य मोबदला मागणे येते, असे आम्ही समजतो.

हिरावलेली भाकरी कोणाची?

इस्लामी पंडितांत या नावावरून एक मोठा वाद झाला. तो आमच्या कामाच्या फार जवळचा वाटतो, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. प्रश्न असा : चोराने चोरून आणलेले अन्न खाल्ले, तर ते अन्न त्याला रझ्झाकाने दिले असे म्हणावयाचे काय?

आठव्या शतकात बसरा शहरात उदयास आलेला मुअतझिली पंथ म्हणाला, नाही. जे निषिद्ध मार्गाने आले ते ईश्वराचे देणे असूच शकत नाही. आपण दिलेल्या रोजीतून खर्च करणाऱ्यांची कुराण स्तुती करते. चोरीच्या पैशातून खर्च करणाऱ्याची ईश्वर स्तुती करील काय? म्हणून हक्काने ज्याचे आहे तेच त्याचे रिझ्क. याला उत्तर दिले ते अशअरी पंथाने. त्याचा प्रवर्तक अशअरी हा दहाव्या शतकात होऊन गेला आणि तो मूळचा मुअतझिली गुरूचाच शिष्य. अशअरी म्हणाले, तसे मानले तर जन्मभर हरामाचे खाणाऱ्याला ईश्वराने कधी पोसलेच नाही असे होईल, आणि मग सर्व जीवांचा भार अल्लाहवर आहे हे वचन खोटे ठरेल. शिवाय पशुपक्ष्यांची कशावरही मालकी नसते, तरी त्यांना रिझ्क मिळतोच. म्हणून जे जे पोटात जाऊन जीव जगवते ते सारे रिझ्कच. ते कोणत्या मार्गाने घेतले याचा जाब मात्र घेणाऱ्याला द्यावा लागेल.

सुन्नी परंपरेत अशअरींचे मत पुढे रूढ झाले. पंडितांचा निवाडा करणारे आम्ही कोण? पण दोन्ही बाजू नीट ऐकल्या तर एक गोष्ट दोघांनाही मान्य आहे असे दिसते. दुसऱ्याची भाकरी हिरावून घेणारा 'देवानेच मला दिले' असे म्हणून सुटत नाही. मापात मारलेले शंभर ग्रॅम असोत, हजेरीतून कापलेला अर्धा दिवस असो, की हिशेबात दाबून ठेवलेली मजुरी असो. पहिला पक्ष म्हणेल ते तुझे नव्हेच, दुसरा म्हणेल तू खाल्लेस खरे, आता हिशेब दे. मजुराच्या दृष्टीने दोहोंत फारसे अंतर नाही.

मजुरीविषयी तर हदीसांची भाषा अगदी रोखठोक आहे. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, या आशयाची हदीस इब्न माजा यांच्या संग्रहात आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक असते. बुखारींच्या संग्रहातली दुसरी एक हदीस तितकी परिचित नाही. अंतिम न्यायाच्या दिवशी तीन माणसांविरुद्ध अल्लाह स्वतः वादी म्हणून उभा राहील, असे तीत सांगितले आहे. त्यांपैकी एक म्हणजे मजूर लावून त्याच्याकडून पुरे काम करून घेणारा आणि त्याची मजुरी न देणारा. आम्ही कामगार न्यायालयाच्या पायऱ्या पुष्कळ झिजविल्या. पण मजुराच्या बाजूने असा वादी उभा राहिल्याचे दुसरीकडे वाचलेले नाही.

माणूस किती अंशी राझिक?

आता पहिल्या वाक्याकडे वळू. 'मी आहे म्हणून तुमच्या चुली पेटतात.' रझ्झाक हे नाव फक्त ईश्वराचे, हे वर आलेच. मग माणसाने माणसाला जेवू घालणे याला काही किंमत नाही काय? कुराणाची भाषा येथे सावध आहे. ईश्वराला ते अनेक ठिकाणी 'राझिकीन'मधला उत्तम म्हणते. 'राझिकीन' हे 'राझिक'चे अनेकवचन. म्हणजे लहान अर्थाने राझिक पुष्कळ असू शकतात. चौथ्या अध्यायात ज्यांना आपला पैसा सांभाळता येत नाही अशांच्या पालकांना 'त्यांना रोजी द्या' अशी आज्ञा आहे आणि तेथे हेच क्रियापद माणसांना लावले आहे. तेव्हा बाप मुलाला पोसतो, पालक पोरक्याला पोसतो, कारखाना कामगाराला वेतन देतो, ही सारी माणसे आपापल्या परीने राझिक आहेत. रझ्झाक मात्र यांपैकी कोणीही नाही.

तूस येथील इमाम गझाली (१०५८–११११) यांनी ईश्वरी नावांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. रिझ्क दोन प्रकारचा, असे ते सांगतात. एक शरीरासाठी, म्हणजे अन्न. दुसरा अंतःकरणासाठी, म्हणजे ज्ञान. या नावात माणसाचा वाटा कोणता, याचेही उत्तर ते देतात. पोसणारा एकच आहे हे ओळखून माणसाने दुसऱ्या कोणावर आस ठेवू नये, हा पहिला वाटा. आणि वाट दाखविणारे ज्ञान, खरे बोलणारी जीभ व देता हात लाभला असेल, तर त्यांच्या योगे ती रोजी इतरांपर्यंत पोहोचविण्याचे आपण निमित्त व्हावे, हा दुसरा. शब्द 'निमित्त' आहे. ज्याच्या हातून भाकरी पुढे जाते तो ती वाहणारा आहे, मूळचा धनी नव्हे. आमच्या भाषेत सांगावयाचे तर या व्यवहारात शेठ, मुकादम आणि मजूर तिघेही हमालच. कोणाच्या पाठीवर पोते, कोणाच्या हाती तिजोरीची किल्ली, एवढाच फरक.

ऊसतोडीचे उदाहरण घ्या. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता', अशी तेथली मोजणी. हंगामाआधी मुकादम उचल देतो. त्या पैशावर लग्न होते, औषधपाणी होते, घरचा दाणा भरला जातो. मग हंगामभर तोड करून ती उचल फेडावयाची. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. हे देणे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. अडल्या वेळी ते मिळाले हे खरे. परंतु उचल म्हणजे श्रमाच्या बदल्यात आगाऊ दिलेला पैसा. जो परतफेडीसाठी माणसाला बांधून ठेवतो, त्याने आपणांस पोशिंदा म्हणवून घेऊ नये. एक्कावन्नाव्या अध्यायातली ती अट येथे लागू पडते.

आपल्याकडचा विश्वंभर

इतके ऐकून कोणा वारकऱ्याला वाटेल, की हे सारे आपल्याकडेही आहे. आहेच. विष्णूला आपण 'विश्वंभर' म्हणतो. त्यातल्या 'भृ' या संस्कृत धातूचे दोन अर्थ आहेत, वाहणे आणि पोसणे. ओझ्याला 'भार' म्हणतात तो या धातूमुळे, आणि पोसणाऱ्याला 'भर्ता' म्हणतात तोही याच धातूमुळे. चाकराला 'भृत्य' म्हणतात आणि त्याच्या वेतनाला 'भृति'. अरबीत हमालाचा धातू निराळा आणि रझ्झाकाचा निराळा, पण एका आयतीत ते शेजारी आले. संस्कृतात तर वाहणारा, पोसणारा, चाकर आणि त्याची मजुरी ही सारी एकाच धातूच्या पोटी जन्मली. चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेला येणारा शेतमजूर देवीपाशी मागतो तेही शेवटी लेकरांची भाकरीच. मागण्याची भाषा निराळी असली तरी मागणे निराळे नाही.

अशा मागण्याला कायद्याचे रूप देण्याचे काम महाराष्ट्राने दोनदा केले, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. अरबी साच्यातला 'हमाल' हा शब्द त्या कायद्याच्या नावातच आहे. ज्याचा कोणी एक मालक नाही अशा ओझे वाहणाऱ्या माणसाला मंडळामार्फत वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि रजा मिळण्याची सोय त्याने केली. दुसरा कायदा रोजगार हमीचा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात ही योजना सुरू झाली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लाखो हातांनी तिची गरज सिद्ध केली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ साली देशभरासाठी असा कायदा झाला. 'रोजगार' आणि 'हमी' हे दोन शब्द एकत्र आले, त्यात त्या अकराव्या अध्यायातल्या भाराचा थोडासा वाटा माणसांच्या सरकारने आपल्या खांद्यावर घेतला, असे आम्हांस वाटते. सरकारही रझ्झाक नाही. पण निमित्त होण्याची जबाबदारी त्याला टाळता येत नाही.

तेव्हा आरंभीच्या दोन वाक्यांचे काय झाले ते पाहू. 'माझ्यामुळे चुली पेटतात' म्हणणाऱ्याला हे नाव सांगते, की तू वाहणारा आहेस. तुझ्या हाती आलेले पुढे पोहोचव आणि घाम वाळण्यापूर्वी पोहोचव. 'देणारा वर बसला आहे' म्हणून गप्प राहणाऱ्याला ते सांगते, की देणारा आहे, म्हणूनच खाली कोणापुढे वाकण्याचे कारण नाही; पक्षी बाहेर पडतो तसा बाहेर पड आणि आपला वाटा माग.

जाता जाता एक साधी विनंती. आपल्यापैकी कोणाच्या हाती हजेरीपट असेल, दुकानात, बांधकामावर वा फडात, तर त्यावर असे नाव आले म्हणजे जागा वाचविण्यासाठी 'अब्दुल' गाळू नये. नाव पूर्ण लिहावे. आणि त्या नावापुढे जेवढे दिवस भरले असतील तेवढे दिवसही पूर्ण लिहावेत.